मेडिकलला प्रवेशाआधी रुग्णालयात जायचे, तर नेमके कुठे?

वाचकाचे पत्र

मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते. यंदा बारावी झाली, मे महिन्यात नीट दिली आणि आता निकालाची वाट पाहत आहे. माझी आतेबहीण अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशाची तयारी करते. अर्जापूर्वी रुग्णालयात शेकडो तास काम केलेले नसेल तर तिकडे कोणी विचारत नाही, म्हणून तूही आतापासूनच ‘क्लिनिकल एक्स्पिरियन्स’ घे, असे ती म्हणते. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. एक संस्था पंचवीस हजार रुपयांत पंधरा दिवस खासगी रुग्णालयातील शस्त्रक्रिया दाखवते आणि प्रमाणपत्र देते. बाबांचे एक मित्र धंतोलीत डॉक्टर आहेत, ते त्यांच्या ओपीडीत बसू देतील. तिसरे म्हणजे, ओळखीचे काही जण मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बाहेरगावच्या रुग्णांना केसपेपर काढून देणे, तपासणीच्या खोल्या दाखवणे अशी मदत करतात, त्यांच्यासोबत जाता येईल. आईला हा तिसरा पर्याय अजिबात पसंत नाही. तिथे संसर्गाची भीती आहे, आणि कागद धरून रांगेत उभे राहण्यात शिकण्यासारखे काय आहे, असे ती विचारते. आजोबांना अर्धांगवायू झाल्यामुळे गेले वर्षभर त्यांना नळीने अन्न देणे, कूस बदलणे यात आईबरोबर माझाही वेळ गेला, त्यामुळे अभ्यासाशिवाय दुसरे काही करताच आले नाही. मी काय निवडावे?

उत्तर

तुझ्या पत्रात दोन देशांतील प्रवेशाचे नियम एकमेकांत मिसळले आहेत. ते आधी वेगळे करते, कारण तुझी आतेबहीण सांगते ते तिच्यापुरते खरे असले तरी तुला त्यातले जवळजवळ काहीच लागू होत नाही. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यावरून ठरणारा क्रमांक आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या: शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलमार्फत, म्हणजे प्रवेश परीक्षा कक्षामार्फत. यात कोठेही तुझी मुलाखत होत नाही, निबंध लिहून घेतला जात नाही, आणि रुग्णालयात काय काम केले असा रकानाही अर्जात नसतो. ज्या संस्थेने तुला प्रमाणपत्र देऊ केले आहे, तिला ते प्रमाणपत्र कोणत्या टप्प्यावर, कोणत्या अर्जाला जोडायचे एवढेच विचारून पाहा. सरळ उत्तर मिळाले तर मला जरूर कळव.

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर अर्ज, असा क्रम असतो. तेथील बहुतेक एमडी महाविद्यालये (तिकडे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी असते) ज्या सामायिक अर्जातून उमेदवार निवडतात, त्यात आपली कामे आणि अनुभव जास्तीत जास्त १५ नोंदींत मांडायचे असतात आणि त्यांपैकी तीनपर्यंत नोंदी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांच्याविषयी अधिक विस्ताराने लिहायचे असते. रुग्णांच्या सहवासातील अनुभवाला तिथे खरोखर वजन आहे, आणि मुलाखतीत त्यावर खोदून प्रश्न विचारले जातात. मात्र सर्व महाविद्यालयांना लागू होईल असा तासांचा एकच आकडा तिथेही नाही. शिवाय डॉक्टरांच्या मागे उभे राहून त्यांचे काम पाहणे, ज्याला तिकडे शॅडोइंग म्हणतात, आणि रुग्णाजवळ राहून स्वतः एखादी जबाबदारी पार पाडणे, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या धरल्या जातात. म्हणूनच तिथली पदवीची मुले रुग्णवाहिकेवर प्रशिक्षित साहाय्यक म्हणून, रक्ताचे नमुने घेणारे म्हणून, डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी टिपणारे लेखनिक म्हणून किंवा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करतात. ब्रिटनमधील महाविद्यालयेही अनुभव पाहतात, पण तो रुग्णालयातलाच असावा असा त्यांचा आग्रह नसतो; वृद्धाश्रमात किंवा अपंग व्यक्तींच्या सोबतीने केलेले काम त्यांना चालते.

पुढेमागे तुझ्या मनात अमेरिका आली तरी तुझा रस्ता बहुधा इथल्या एमबीबीएसवरूनच जाईल. भारतीय नागरिकांचे अर्ज तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालये स्वीकारतच नाहीत. आपल्याकडचे डॉक्टर यूएसएमएलई ही तिकडची परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, जातात, आणि त्या वेळी तिकडच्या रुग्णालयांतील जो अनुभव मागितला जातो तो एमबीबीएसच्या शेवटी किंवा त्यानंतर घ्यायचा असतो. बारावीनंतर नागपुरात केलेल्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणजे प्रवेशाच्या हिशेबाने या अनुभवाचा उपयोग शून्य. तरीही तू जावेस, असेच मी सांगेन, आणि त्याचे कारण आपल्या प्रवेशपद्धतीतच आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, एक वर्षाची इंटर्नशिप, शासकीय महाविद्यालयातून शिकलीस तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, मग पुन्हा परीक्षा आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे, एवढ्या लांबच्या वाटेवर आपण मुलांना पाठवतो ते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेवर. आजारी माणसाच्या जवळ तासन्‌तास राहणे तुला जमते का, आवडते का, हे कोणीच विचारत नाही. अमेरिकेत निवड समिती जे विचारते ते इथे तुझे तुलाच विचारावे लागेल. त्याचे उत्तर पुस्तकात नाही, आणि डॉक्टर असलेल्या काकांच्या बंगल्यातही नाही.

अनुभव निवडताना माझी कसोटी एकच आहे: ज्या जागी तू उभी राहणार आहेस, तिथे तू एक दिवस आली नाहीस तर कोणाचे काही अडेल का? अडणार नसेल तर तू प्रेक्षक आहेस. प्रेक्षक होण्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी पंधरा दिवस आणि पंचवीस हजार रुपये घालवू नयेत.

त्यामुळे पहिला पर्याय मी लगेच बाजूला ठेवते. बारावी झालेल्या मुलीला ऑपरेशन थिएटरमध्ये दिसते ते म्हणजे हिरव्या चादरी, चौघांच्या पाठी आणि फार तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पडदा. शरीररचना शिकलेली नसल्यामुळे पडद्यावर काय हलते आहे तेही उमगत नाही. सकाळी काही न खाता गेलेली मुले अर्ध्या तासात भोवळ येऊन खाली बसतात आणि आपण डॉक्टर व्हायला नालायक आहोत असा भलताच निष्कर्ष काढतात. टेबलावरचा रुग्ण भुलीखाली असतो; पैसे भरून पाहायला आलेल्या अनोळखी मुलीच्या उपस्थितीला त्याने संमती दिली आहे का, हेही त्या संस्थेला विचार. असे कार्यक्रम विकताना काही जण इंजेक्शन देण्याची किंवा टाके घालण्याची संधी मिळेल असेही सांगतात. तसे कोणी म्हणाले तर तिथून निघून ये. नोंदणीकृत डॉक्टर नसलेल्याने रुग्णावर उपचार करणे बेकायदा आहे, आणि अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेही आपल्या विद्यार्थ्यांना बजावले आहे की परदेशात जाऊन प्रशिक्षणाविना रुग्णांवर हात चालवल्यास अर्जाला फायदा होण्याऐवजी बाधा येऊ शकते. शस्त्रक्रिया तुला पुढे पाहायच्याच आहेत. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्यांना रुग्णांसमोर नेण्याची तरतूद आहे, तेव्हा ते फुकट आणि समजून घेत पाहता येईल. पंचवीस हजारांत ॲप्रन, पहिल्या वर्षाची पुस्तके आणि वापरलेला हाडांचा संच येऊन वर काही पैसे उरतील.

धंतोलीच्या ओपीडीचा पर्याय चांगला आहे, पण थोडक्यात आटपण्यासारखा. बाबांचे मित्र असल्यामुळे ते तुला खुर्ची देतील, चहा देतील आणि आजार समजावून सांगतील. काम मात्र देणार नाहीत, कारण तिथे तुझ्याजोगे काम नाही. चार-पाच वेळा जाऊन बस. निदानाकडे लक्ष देऊ नकोस, ते आता कळणारही नाही. रुग्ण बोलायला लागल्यापासून डॉक्टर त्याला कितव्या वाक्यावर थांबवतात, ते पाहा. मधुमेहाची गोळी दोन वेळा घेतो असे सांगणारा माणूस पुढच्या प्रश्नाला ती एकदाच घेत असल्याचे कसे कबूल करतो, आणि ती का वाचवतो, ते ऐक. निघताना दाराशी पोहोचल्यावर मागे वळून ‘डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं’ असे म्हणणारे रुग्ण मला आयुष्यभर भेटले आहेत, आणि ज्या कारणासाठी ते खरोखर आलेले असत ते बरेचदा त्या दाराशीच कळे. एक गोष्ट मात्र पाळ: प्रत्येक रुग्णाला तुझी ओळख विद्यार्थिनी म्हणून करून द्यावी आणि तू बसलीस तर चालेल का असे विचारावे, अशी डॉक्टरांना आधीच विनंती कर. तपासणीची वेळ आली की कोणी सांगायची वाट न पाहता बाहेर ये.

आता मेडिकल. तुझ्या आईने ज्याला कागद धरून उभे राहणे म्हटले आहे, त्या कामाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण बाहेरून ते खरोखर तसेच दिसते. १९४७ साली सुरू झालेले आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मध्य नागपुरातील मेयो ही रुग्णालये केवळ नागपूरकरांची नाहीत. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून पलीकडे छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूलपर्यंतचे आणि छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमेवरचे रुग्ण तिथे येतात. कोणी रात्रीच्या पॅसेंजरने आलेला असतो, कोणी पहाटेच्या एसटीने. प्लास्टिकच्या पिशवीत जुने एक्स-रे, गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि डब्यात भाकरी एवढा ऐवज घेऊन तो खिडकीपुढे उभा राहतो. केसपेपर निघाला की ओपीडीची खोली शोधायची. तिथे डॉक्टर दोन मिनिटांत पाहून रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लिहून देतात. रक्त एका इमारतीत, सोनोग्राफी दुसरीकडे, पैसे भरायची खिडकी तिसरीकडे. सोनोग्राफीच्या दाराशी गेल्यावर कळते की पोटाची तपासणी उपाशीपोटी करायची होती, आणि याने तर सकाळी चहासोबत पोळी खाल्ली आहे. उद्या या, असे सांगितले जाते. उद्या म्हणजे एक रात्र रुग्णालयाच्या आवारात झोपणे आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडणे. तिसऱ्या दिवशी हा माणूस ओपीडीत परत येत नाही, आणि डॉक्टरांच्या लेखी तो ‘उपचार अर्धवट सोडणारा रुग्ण’ ठरतो.

खोलीतल्या खुर्चीवरून हे दिसत नाही. रांगेत त्याच्या शेजारी उभे राहिलेल्यालाच दिसते. ‘काका, काही खाल्लं आहे का?’ एवढा प्रश्न तू योग्य खिडकीपाशी योग्य वेळी विचारलास तर त्याचा एक दिवस वाचतो, आणि प्रवेशाआधीच्या वयात रुग्णाला खरोखर उपयोगी पडणारी इतकी दुसरी कोणतीही गोष्ट मला सुचत नाही.

कागदांचेही तसेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते, पण रेशनकार्डावर ‘रामाजी’ आणि आधारवर ‘रामचंद्र’ असेल तर फाईल अडते. अशा वेळी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापाशी बसून, कोणता दाखला कुठून आणायचा हे समजून घेऊन, ते रुग्णाच्या गावाकडच्या मुलाला फोनवर नीट समजावून सांगणारे माणूस लागते. रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक हेच काम दिवसभर करत असतात. त्यांच्या हाताखाली दोन महिने काढलेस तर गरिबीचा आणि आजाराचा संबंध तुला जितका कळेल, तितका सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातून कळणे अवघड आहे. (पुस्तक वाचू नकोस असे मी म्हणत नाही. त्या विषयात नापास होणारेही मी पाहिले आहेत.)

विदर्भात राहून एक आजार तू जवळून पाहावास असे मला वाटते, तो म्हणजे सिकलसेल. तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडताच कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. त्यामुळे उठणारी कळ इतकी असह्य असते की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अंगाचे मुटकुळे करून पडून राहतो. बाहेरून मात्र जखम नाही, प्लास्टर नाही, बरेचदा सूजही नाही. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक ‘नाटकं करते पोट्टं’ म्हणतात, आणि कधी कधी दमलेल्या इंटर्नच्या चेहऱ्यावरही तीच शंका उमटते. अंगातले पाणी कमी झाले की कळा बळावतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात या मुलांना जास्त जपावे लागते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे तू बारावीत पनेट चौकटीत मांडले असशील. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनाचे अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०४७ हे वर्ष ठरवले, हेही तू वाचले असशील. परंतु त्या चौकटीतला चौथा भाग प्रत्यक्षात खाटेवर कसा दिसतो, आणि ज्याचे दुखणे दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवणे किती कठीण असते, हे त्या मुलाच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवताना कळते. पाणी देण्याआधी सिस्टरला विचारायचे, हे इथेच सांगून ठेवते. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला दयेपोटी दिलेले दोन घोट त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लावतात, आणि ते डॉक्टरांना न कळता भूल दिली गेली तर त्याच्या जिवावर बेततात.

तुझ्या पत्रातील आजोबांविषयीचे वाक्य मी दोनदा वाचले. वर्षभरात काहीच करता आले नाही, असे तू लिहिले आहेस. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू वर उचलून ठेवायची, नाही तर अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीवर आणि टाचांवर जखमा होतात. हे तू शिकली आहेस आणि झोपमोड करून पाळले आहेस. अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील अर्जात उमेदवारांना ज्या अनुभवासाठी धडपडावे लागते, तो तू घरात घेतलेला आहेस. आता फक्त त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. झटका आल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला आणि निर्णय कोणी घेतला? गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे घरात कोणाला माहीत होते का? डॉक्टरांनी घरी पाठवताना जे सांगितले त्यातले आईला काय समजले आणि काय तिने परिचारिकेला पुन्हा विचारले? आजोबा बोलू शकत नसताना त्यांना काय हवे आहे हे तू कशावरून ओळखायचीस? या प्रश्नांची उत्तरे लिहून काढ. आणि प्रामाणिकपणे हेही लिही की कोणत्या क्षणी तुला कंटाळा आला, चीड आली. वर्षभर रुग्ण सांभाळणाऱ्या कोणालाही ती येते, आणि डॉक्टर झाल्यावर समोर चिडलेले नातेवाईक उभे राहतील तेव्हा ही वही तुला उपयोगी पडेल.

आईची काळजी मी उडवून लावणार नाही. रुग्णालयात संसर्गाचा धोका असतोच, पण तो आटोक्यात ठेवता येतो. तुझे लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. हिपॅटायटिस बीच्या लसी झाल्या नसतील तर आजच सुरुवात कर, कारण तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे असतात. धनुर्वाताचा डोस आणि कांजिण्या होऊन गेल्या आहेत की नाही हेही पाहून घे. क्षयरोगाचा वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग तुझ्यासाठी नाहीत, तिथे जाण्याची गरजही नाही. गर्दीच्या ओपीडीत एन-९५ मास्क नीट बसवून लाव, रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धू, आणि पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या मावशींकडून चार रंगांच्या डब्यांत काय काय टाकतात ते शिकून घे: पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस-पट्टी, लालमध्ये सलाईनच्या नळ्यांसारखे प्लास्टिक, पांढऱ्यात सुया आणि निळ्यात काच. खाली पडलेली सुई उचलायला जाऊ नकोस, सिस्टरला सांग. घरी आल्यावर कपडे वेगळे टाकून आंघोळ केल्याशिवाय आजोबांजवळ जायचे नाही, हा नियम आईसमोरच ठरव; तिच्या मनातली मोठी भीती बहुधा तुझ्यापेक्षा त्यांच्याबद्दल असेल. तुला ताप किंवा खोकला असेल त्या दिवशी रुग्णालयात जायचेच नाही.

ओळखीच्या लोकांबरोबर असेच आत शिरू नकोस. अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने एक साधा अर्ज लिही, त्यात वय, पत्ता, कोणत्या वारी किती वाजता येणार आणि कोणते काम करणार हे लिही, आईबाबांची सही घे आणि परवानगी लेखी मिळाल्यावरच सुरुवात कर. गळ्यात नावाचे ओळखपत्र असावे. ॲप्रन आणि स्टेथोस्कोप नको, कारण ते पाहून लोक तुला डॉक्टर समजतील आणि औषध विचारतील. औषध विचारले तर ‘मी डॉक्टर नाही, विचारून येते’ हेच उत्तर. ‘काही होणार नाही, बरे वाटेल’ हे वाक्य तोंडात येऊ देऊ नकोस, ते सांगण्याचा अधिकार तुला नाही. रुग्णाचा फोटो, केसपेपरचा फोटो, वॉर्डातली सेल्फी, यांपैकी काहीही मोबाइलमध्ये नसावे. वहीत लिहिताना नाव आणि गाव लिहू नये.

किती दिवस जावे? पंधरा दिवस रोज जाण्यापेक्षा आठवड्यातून ठरलेल्या दोन सकाळी, तीन-चार महिने. पहिल्या पंधरवड्यात सगळे नवे असते, म्हणून सगळेच आवडते. महिन्याभराने त्याच खिडक्या, तीच भांडणे, तोच वास सुरू होतो, आणि तिथून पुढे तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला लागते. रक्त पाहून चक्कर येणे, वासाने मळमळणे याला मी फारसे महत्त्व देत नाही, ते सवयीने जाते. पण तोच प्रश्न पाचव्यांदा विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा तुला प्रत्येक वेळी राग येत असेल, किंवा कागदी काम पटकन उरकून डॉक्टरांच्या खोलीत डोकवावेसे वाटत असेल, तर त्याची नोंद घे. त्याचा अर्थ वैद्यक सोडून द्यावे असा नाही. रुग्णांशी रोज बोलावे न लागणाऱ्या शाखाही त्यात आहेत. उलट असेही होईल की परिचारिकेचे किंवा फिजिओथेरपिस्टचे काम तुला डॉक्टरांच्या कामापेक्षा अधिक ओढून घेईल. नीटचे गुण मनासारखे आले नाहीत आणि आणखी एक वर्ष द्यायचे की दुसरी शाखा घ्यायची असा पेच पडला, तर ही माहिती कोणत्याही समुपदेशकापेक्षा जास्त कामाची ठरेल.

वर्षभर पुन्हा तयारी करायचे ठरलेच, तर आठवड्यातली एक सकाळ तेवढी ठेव, जास्त नको. आणि यंदाच प्रवेशाची आशा असेल तर निकाल लागताच रहिवासी दाखला आणि लागू असल्यास जात वैधता व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांची धावपळ सुरू होईल. सीईटी सेलच्या फेऱ्यांच्या तारखा ऐन वेळी पुढेमागे होतात, तेव्हा त्या आठवड्यांत तुला येता येणार नाही हे समाजसेवा अधीक्षकांना आधीच सांगून ठेव, म्हणजे तुझ्या खिडकीपाशी त्यांना दुसरे कोणी तरी उभे करता येईल.